सत्तावीस नंबर

फोन आला तेव्हा मी लिफ्टमध्ये होते. एका हातात ताईच्या बोटांना चोळायचं मलम आणि दुसऱ्या हातात घराच्या किल्ल्या. पलीकडचा आवाज तरुण होता आणि नम्र होता, शिकवून ठेवल्यासारखा नम्र. मोठ्या कंपनीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या विभागातून बोलतोय म्हणाला, माझंच नाव मला विचारून खात्री करून घेतली, आणि मग म्हणाला, "मॅडम, आम्हाला सत्तावीस नंबर सापडलाय." तेवढ्यात दार लागलं आणि आवाज तुटला. लिफ्टच्या आरशात एकाहत्तर वर्षांची एक बाई उभी होती. मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सत्तावीस नंबरच्या फितीवर दुसरं काहीतरी भरून टाकलं, असं दाढीनं आम्हाला अडतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. दाढी आमचा ध्वनिमुद्रक. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. विश्वास म्हणजे काय, मला तो सोयीचा होता. घरात शिरले तर ताई खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत बसली होती. "लिफ्ट चालू झाली वाटतं," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि मलम तिच्यापुढे ठेवलं.

पुढच्या आठवड्यात रीतसर पत्र आलं. मोठी कंपनी आमच्या लेबलच्या, म्हणजे आम्ही चौघांनी चालवलेल्या छोट्या कंपनीच्या, सगळ्या तबकड्या एका पेटीत घालून पुन्हा काढणार होती, सव्वीसच्या सव्वीस, आणि शिवाय कधीच बाहेर न आलेला सत्तावीस नंबर. संस्थापकांपैकी जे हयात आहेत त्यांच्या सह्या हव्या होत्या. दाढी दूर कुठेतरी मुलाकडे होता, त्याला आता मुलगाही ओळखू येत नव्हता, त्यामुळे त्याच्या जागी मुलानं सही केलेली होती. लंबू, आमचा चेलोवादक, सहा वर्षांपूर्वी गेला. म्हणजे उरलो मी आणि ताई. पेटीसोबत एक पुस्तिका जाणार होती आणि तीत लेबलचा इतिहास मी आठशे शब्दांत लिहावा अशी विनंती होती. ताईनं भिंग लावून पत्र दोनदा वाचलं. सत्तावीस या आकड्यावर भिंग थांबलं, मग पुढे सरकलं. "आठशे," ती म्हणाली, "एवढे शब्द तर आपण नावावर भांडताना वापरले होते."

ते खरं होतं. आम्ही चौघंही आधी त्याच मोठ्या कंपनीच्या वादकवृंदात होतो. ताई पियानोवर, मी व्हायोलिनवर, लंबू चेलोवर आणि दाढी ड्रमवर, पण दाढीचा जीव वाजवण्यापेक्षा यंत्रांत जास्त. काचेपलीकडे एक साहेब बसायचे. त्यांना संगीतातलं कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, घड्याळातलं जास्त कळायचं एवढंच. बोट वर केलं की आम्ही थांबायचो. लंबूनं स्वतः रचलेल्या एका तुकड्याचा शेवट त्यांनी एकदा असाच बोटानं कापला, कारण तो तबकडीच्या एका बाजूत मावत नव्हता. लंबू भांडला नाही. त्यानं चेलो पेटीत ठेवला आणि जिन्यात जाऊन बसला, गुडघे हनुवटीला टेकतील असा. आम्ही तिघं त्याच्यामागे गेलो आणि तिथेच डबे उघडले. "आपणच काढू या," तो म्हणाला. "काय?" ताईनं विचारलं. "तबकड्या." ताईनं घास गिळला आणि भाजी आणू या म्हणावं तशी म्हणाली, "काढू या." नावावरून मात्र महिनाभर वाद चालला. नोंदणीच्या कचेरीत गेलो तोवर काहीच ठरलं नव्हतं. कारकुनानं वर न पाहता विचारलं, "किती जण?" लंबू म्हणाला, "चौघं." कारकुनानं ते नावाच्या रकान्यात लिहिलं आणि शिक्का मारला. बदलायचं तर नवा अर्ज. म्हणून आमचं लेबल 'चौघं' झालं, आणि पुढे तिघं उरलो तेव्हाही 'चौघं'च राहिलं.

हे सगळं मी लिहून काढलं तेव्हा तीनशे शब्द झाले. मग जागा. आमची खोली मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, जमिनीवर तीन घरांतून गोळा केलेले गालिचे. खाली हातोडे चालायचे, इंजिनं गुरगुरायची, रबराचा आणि तेलाचा वास जिन्यानं वर यायचा आणि गाद्यांत मुरायचा. गॅरेज फक्त दुपारी एक ते दोन बंद असे. त्यामुळे आमची सगळी संथ वादनं त्या एका तासात भरलेली आहेत. खालचे मेकॅनिक जेवत असत, कुणी मोटारीखालीच आडवा झालेला असे, आणि वर आम्ही श्वाससुद्धा बेतानं घेऊन वाजवत असू. पुढे एका समीक्षकानं लिहिलं की 'चौघं'च्या ध्वनिमुद्रणांत दुपारची एक विलक्षण शांतता आहे. लंबूनं ते कात्रण खाली नेऊन मेकॅनिकांना वाचून दाखवलं. त्यांनी ते हत्यारांच्या फळीवर चिकटवलं. हे सगळं मला लिहायला आवडत होतं. आठवणींचा असा एक भाग असतो की तिथे माणूस पाहुण्यांना घेऊन जाऊ शकतो. मी तिथेच फिरत राहिले. पण पुढे नियमाबद्दल लिहायचं होतं.

नियम लंबूचा. काचेपलीकडच्या एका माणसानं ठरवायचं नाही, म्हणून आमच्याकडे सगळ्यांनी ठरवायचं. प्रत्येक ध्वनिमुद्रण चौघांनी एकत्र बसून ऐकायचं. ऐकून झालं की प्रत्येकाला एक पांढरं आणि एक काळं बटण. दाढीच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातली ती बटणं होती. दोन कापडी पिशव्या फिरायच्या, एकीत आपलं मत, दुसरीत उरलेलं बटण. पहिल्या पिशवीतून चार पांढरी निघाली तर तबकडी बाहेर. एक जरी काळं निघालं तरी नाही. कुणी टाकलं ते विचारायचं नाही, का टाकलं तेही नाही. अकरा वर्षांत काळं बटण पाच-सहा वेळा निघालं, दोनदा तर माझ्याच वादनाला. मी दोन दिवस फुरंगटले आणि पुन्हा वाजवलं. त्यात काही विशेष नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटायचं.

सत्तावीस नंबर ताईचा होता. ती एकटी, पियानो, दोन्ही बाजू. अकरा वर्षं तिनं आम्हा सगळ्यांना साथ केली होती आणि स्वतःचं असं काही भरलं नव्हतं. सदतिसाव्या वर्षी ती म्हणाली, आता मी. तीन दुपारी लागल्या. चौथ्या दुपारी आम्ही ऐकायला बसलो. मला तो तास आजही तुकड्यातुकड्यांनी आठवतो. दाढी यंत्राकडे तोंड करून उभा, मान खाली. लंबू भिंतीला टेकून, गालावर हात, आणि मधेमधे चेहरा वेडावाकडा करतोय. ताई खुर्चीत ताठ, हात मांडीवर, आपलेच हात कुणाकडून तरी सांभाळायला घेतल्यासारखे. पहिली बाजू झाली, ती सुंदर होती. दुसऱ्या बाजूवर संथ भाग आला, आणि त्यातली मुख्य सुरावट दुसऱ्यांदा परतली तेव्हा ताई जरा रेंगाळली. अगदी जरा. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण आम्ही एका घरात वाढलो होतो. लहानपणी पाहुणे आले की आई तिला वाजवायला बसवायची आणि ती नेमकी अशीच रेंगाळायची. पाहुणे मान डोलवायचे, आणि दाराआड उभ्या असलेल्या मला कळायचं की हे खरं नाही, हे पाहुण्यांसाठी आहे. सदतीस वर्षांची ताई पाहुण्यांसाठी वाजवत होती. मला त्याचा राग आला. राग होता की हेवा, हे मी पुढे अनेक वर्षं निवडत बसले, धान्यातले खडे निवडावे तसं, आणि शेवटी कंटाळून सोडून दिलं. पिशवी माझ्याकडे आली. मी काळं बटण टाकलं. लंबूचा चेहरा पाहून मला वाटलं होतं की तोही काळंच टाकणार. दोन काळी निघाली तर ते मत ठरतं. एकच निघालं तर तो घाव ठरतो. दाढीनं पिशवी गालिच्यावर उपडी केली. तीन पांढरी होती.

ताईनं पर्स घेतली. मी तिच्यासोबत खाली उतरले. खाली गॅरेज सुरू झालं होतं, कुणीतरी इंजिन तापवत होतं, आणि त्या आवाजात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लंबूनं टाकलं. बघितलंस ना, कसं तोंड करत होता." त्या क्षणी मी म्हणू शकले असते. इंजिनाचा आवाज होता म्हणून म्हटलं नाही, अशी सबब मी काही वर्षं स्वतःला दिली. इंजिन तर मिनिटाभरात बंद झालं. आम्ही दोघी बसच्या थांब्यापर्यंत चालत गेलो, बस आली, ताईला जागा मिळाली, मला मिळाली नाही. मी तिच्या डोक्यावरच्या दांड्याला धरून उभी होते आणि तिचा भांग वरून दिसत होता. दुसऱ्या दिवशी लंबू गाल सुजवून आला. त्याची दाढ ठणकत होती, आठवडाभर ठणकत होती, सकाळी काढून आला होता. त्याच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे तोही काही बोलला नाही. ताई मात्र त्या दिवसापासून यायची बंद झाली. तिनं शाळेत नोकरी धरली, मुलांच्या गाण्याला पेटी वाजवायची. पुढची पंचवीस वर्षं ती तेच करत राहिली. आमचं लेबल आणखी दोन वर्षं नावापुरतं चाललं, नवी तबकडी एकही निघाली नाही. पियानोशिवाय आम्ही तिघं म्हणजे एक पाय नसलेलं टेबल होतो. शेवटी सगळं मोठ्या कंपनीला देऊन टाकलं. खोली रिकामी करताना लंबू आणि मी गालिचा गुंडाळत होतो, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. मधे भेटलो तेव्हा तो म्हणाला, "तू टाकलंस ना?" मी हो म्हटलं. "मला वाटलंच. दाढी तर तेव्हा रडवेला झाला होता." मी म्हटलं, "मी सांगते तिला." "नको," तो म्हणाला. "तिला कुणावर तरी रागवायचंय. तू रोजची आहेस. मी लांब राहतो, मला जमेल." मग त्यानं गालिचा खांद्यावर टाकला. त्याच्या बोलण्यात मोठेपणा नव्हता, कामाची वाटणी केल्यासारखं तो बोलला होता. आणि मी ती वाटणी घेतली.

माझे साडेसहाशे शब्द झाले आणि मी थांबले. दोन दिवस कागद तसाच टेबलावर राहिला. ताई सात वर्षांपासून माझ्याकडे राहते, भावजी गेल्यापासून, त्यामुळे टेबलावरचं काही झाकून ठेवायचं तर तसं कारण लागतं. तिनं वाचलं. संध्याकाळी तिची बोटं कोमट पाण्यात बुडवायची वेळ झाली. मी भांडं आणून ठेवलं, तिनं दोन्ही हात आत सोडले. सांध्यांच्या गाठी पाण्याखाली आणखी मोठ्या दिसतात. "चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "कारकुनाचं तर फारच छान. पण सत्तावीस नंबरचं राहिलंय." मी म्हटलं, "लिहिते." "सरळ लिही. लंबूनं अडवला म्हणून. त्याला आता काय फरक पडतोय." मी टॉवेल हातात घेऊन उभी होते. लंबूला खरंच फरक पडत नव्हता. पण लंबूला मुलगी होती, ती ही पुस्तिका उघडणार, आणि वडिलांचं नाव शोधणार. आठशे शब्दांत ते तिला लगेच सापडलं असतं. अडतीस वर्षं मी नुसती गप्प राहिले होते. गप्प राहण्याचं एक बरं असतं, त्यात स्वतःहून काही करावं लागत नाही. आता हातानं लिहायचं होतं, छापून यायचं होतं.

"लंबूनं नाही टाकलं," मी म्हटलं.

"मग काय दाढीनं?"

"नाही. मी."

ताईनं हात पाण्यातून काढले नाहीत. पाणी हललंही नाही. मला उगाच वाटत राहिलं की पाणी गार होतंय, त्यात थोडं गरम घालायला हवं. मग तिनं विचारलं, "का?" मी तिला पाहुण्यांचं सांगितलं, रेंगाळण्याचं सांगितलं. ते बोलताना फारच किरकोळ वाटलं, इतकं की मी दोनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लंबूला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तिनं हात बाहेर काढले आणि माझ्याकडून टॉवेल घेतला, स्वतःच पुसले, एकेक बोट.

"तो गेला त्या दिवशी," ती म्हणाली, "तू निघालीस तेव्हा मी इथेच बसले होते. तू चप्पल घालत होतीस. मी म्हटलं, मी कशाला येऊ. तू म्हणालीस, बरं."

"हो."

"बटणाचं जाऊ दे. बटण टाकायचा तुला हक्क होता, नियमच होता तो. पण त्या दिवशी तू मला घरी बसू दिलंस."

त्या दिवशी मी परत आले तेव्हा तिनं माझ्या सगळ्या साड्यांना इस्त्री करून ठेवली होती, न नेसायच्या होत्या त्यांनाही, आणि तिनं एवढंच विचारलं होतं की गर्दी होती का. मी म्हटलं होतं, बऱ्यापैकी. आता ती उठली आणि तिच्या खोलीत गेली. दार लावलं नाही. दार लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पाच-सहा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. दूध आलं का, गॅस संपत आलाय. मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, तसं लोक म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. उलट घरातल्या वस्तूंच्या कडा जास्त स्पष्ट दिसू लागल्या, कपाटाचा कोपरा, कपाचा कान, चष्मा बदलल्यावर दिसतात तशा. मग एका दुपारी ताईच म्हणाली, "त्यांनी पाठवलंय ना ते? लाव." मोठ्या कंपनीनं सत्तावीस नंबर ऐकायला पाठवला होता. मी तो उघडला नव्हता. मी लावला आणि आम्ही दोघी ऐकत बसलो. पहिली बाजू अजून सुंदर होती. मग दुसरी. संथ भाग आला, सुरावट परतली, आणि मी श्वास धरला. रेंगाळणं होतं. होतं, पण मला आठवत होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. तिथे एक बाई मनापासून वाजवत होती आणि एका ठिकाणी तिला पुढे जायला जरा वेळ लागत होता, एवढंच. मला ते खोटं वाटलं नाही. खरं वाटलं असंही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एकाहत्तराव्या वर्षी माझा तो कान राहिलेला नाही, किंवा तेहतिसाव्या वर्षी तो नको इतका तयार होता. संपलं तेव्हा ताई खिडकीबाहेर बघत होती.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली.

मी उठून ते बंद केलं.

"मी मनात किती मोठं करून ठेवलं होतं. मला वाटायचं, हे बाहेर आलं असतं तर काय झालं असतं." तिनं चष्मा काढून पुसला. "चांगलंय. पण एवढंच होतं. आता लिही खरं काय ते. तुझं नाव घाल."

मी लिहिलं. साध्या चार वाक्यांत लिहिलं की सत्तावीस नंबर एका काळ्या बटणामुळे अडला, ते बटण माझं होतं, चेलोवादकानं पांढरं टाकलं होतं, आणि पियानोवादक बहिणीला हे खूप उशिरा कळलं. ताईनं एक स्वल्पविराम काढायला लावला. आम्ही दोघींनी सह्या केल्या, तिची सही वाकडी आली, आणि मी ते सगळं पाठवून दिलं. दोन महिन्यांनी पेटी आली. सुबक होती, आमच्या मूळच्या जाड पुठ्ठ्याच्या रंगाची. पुस्तिकेत कारकून होता, गॅरेज होतं, मेकॅनिकांची फळी होती. बटणांचा नियम दोन ओळींत होता. चार वाक्यं नव्हती. सत्तावीस नंबरखाली फक्त वादकाचं नाव, वर्ष, मिनिटं आणि 'अप्रकाशित'. मी त्या नम्र मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, सॉरी, पानं वाढत होती. मजकूर थोडा कमी करावा लागला. आणि ते जरा घरगुती वाटत होतं." मी म्हटलं, काही हरकत नाही. फोन ठेवल्यावर मला हसू आलं, आणि मग ते हसू गेलं. ज्यासाठी मी इतकी वर्षं जपून वागले ते कुणालाच नको होतं.

ताईला सांगितलं. तिनं पुस्तिका मागून घेतली, भिंगानं ते पान काढलं आणि पेन मागितलं. तिला आता लिहायला त्रास होतो, पेन तिसऱ्या आणि चौथ्या बोटांत धरावं लागतं. मी म्हटलं, "मी लिहू का?" ती म्हणाली, "नको." समासात तिनं हळूहळू लिहिलं. वाकून पाहिलं तेव्हा मला वाचता आलं: लंबूनं हो म्हटलं होतं. माझ्या बहिणीनं नाही म्हटलं. मला माहीत नव्हतं. खाली तिनं आपलं नाव लिहिलं, शाळेतल्या हजेरीपटावर लिहायची तसं पूर्ण. मग पुस्तिका एका मोठ्या पाकिटात घातली.

"त्याच्या मुलीचा पत्ता सांग," ती म्हणाली.

मी सांगायला लागले, लंबूचंच घर ते. रस्ता सांगितला, इमारत सांगितली, मजला सांगितला. ताईचं पेन थांबलं.

"वही न बघता सांगतेयस."

"हो."

"जातेस तिथे?"

"वर्षातून एकदा."

"तो असतानाही जायचीस?"

"हो."

ताईनं पाकिटाकडे पाहिलं, मग पुन्हा पेन टेकवलं. "घर नंबर परत सांग," ती म्हणाली, आणि मी तो परत सांगितला.